बाळाची थर्ड शिफ्ट

चाकणच्या प्रेस शॉपमध्ये आठ तास कानात इअरप्लग खुपसून उभा राहिलेला बाप घरी येतो, तेव्हा त्याच्या स्वागताला काय वाजत असतं? बारशात आलेलं प्ले-जिम. खाली रंगीत गादी, वर कमान, कमानीला लटकलेला हत्ती आणि पायाशी पियानो. बाळानं लाथ मारली की पियानो वाजतो. नाही मारली तरी वाजतो, कारण मामानं बटण 'ऑटो'वर सरकवून ठेवलंय. मेंदूचा विकास होतो म्हणे. खोक्यावरच छापलंय, म्हणजे प्रश्नच मिटला.

कामगाराला इअरप्लगशिवाय 90 डेसिबलच्या वर आठ तास उभं करू नये, असा कारखान्यांचा नियम आहे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल, हा 2000 सालचा नियम. गादीवर उताण्या पडलेल्या नागरिकाला मात्र ना इअरप्लग, ना युनियन. खेळण्याच्या आवाजालाही मर्यादा आहे, पण ती बहुतेक खेळण्यांची हातभर लांबून मोजतात. बाळ ते थेट कानाशी नेतं, मग तोंडात. त्यात बाळाच्या कानाची नळी इवलीशी, म्हणजे आवाज आणखी चढतो.

बरं, वाजतं काय? बऱ्याचदा बीथोव्हेन. 1810 सालचं 'फ्युर एलिझे', पहिल्या नऊ सुरांपर्यंत. पुढचं बहुधा चिपमध्ये मावत नाही. तैवानमध्ये हीच धून कचऱ्याच्या गाड्या वाजवतात. आपल्याकडे सकाळी घंटागाडी स्वतंत्रपणे बोंबलतेच, तेव्हा बाळाचं संगीतशिक्षण तसंही पालिकेनं पत्करलेलं आहे. (बीथोव्हेनचे कान तेव्हा जात चालले होते. आपण बाळाला निदान त्या बाबतीत तरी त्याच्या बरोबरीला आणू.)

खरी गंमत पुढे आहे. चाकण-भोसरीच्या या पट्ट्यात घरटी एक क्यूसीवाला. गो-नोगो गेजला बुश बसला नाही तर हा अख्खा लॉट परत पाठवणार, व्हेंडरला रडवणार. तोच गृहस्थ पिंपरी कॅम्पात खेळणं घेताना फक्त विचारतो, "आवाज मोठा आहे ना?" अहो, खेळण्यांनासुद्धा गेज असतं! 31.7 मिलिमीटर व्यासाचं नळकांडं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा सुटा भाग त्यात पूर्ण मावला, तर खेळणं नापास. आत घातलेला बटण सेल 20 मिलिमीटरचा, म्हणजे आरामात मावतो. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतो. म्हणून सेलचं झाकण स्क्रूनं बंद हवं आणि खेळण्यावर आयएसआय चिन्ह हवं. 1 जानेवारी 2021 पासून ते सक्तीचं आहे. सहा महिन्यांपूर्वी घेतलेल्या बाइकची सर्व्हिसिंगची तारीख तोंडपाठ असलेल्या माणसाला खोकं उलटं करून पाहणं जड जाऊ नये.

आजीचं म्हणणं, आमच्या वेळी पाळण्यावर चिमणाळं असायचं, काही वाजायचं नाही, तरी पोरं शहाणी झाली. शहाणी झाली की नाही हा वादाचा मुद्दा आहे, पण चिमणाळ्याची बाजू मला पटते. अगदी तान्ह्या बाळाला वीतभर अंतरावरचंच नीट दिसतं आणि वाऱ्यानं हलणारी चिमणी तेवढ्यावर बरोबर बसते. पायातले घुंगरांचे वाळे तर अस्सल 'किक अँड प्ले'. पाय हलला की वाजतात, थांबला की गप्प. आपण केलं म्हणून झालं, हे बाळाला तिथंच कळतं. 'ऑटो'वरच्या पियानोकडून कधीच कळत नाही. मात्र आजीच्या चिमणाळ्याचे मणी आणि वाळ्यांचे घुंगरूही त्याच नळकांड्यातून काढा. परंपरेला डिस्काउंट नाही.

आणि ज्यांच्या घरी पियानो येऊन पडलाच आहे, त्यांनी सेल संपले की नवे घालू नयेत. मामानं विचारलं तर सांगा, स्क्रूड्रायव्हर सापडत नाही. भोसरीत राहून हे कुणाला पटणार नाही, ते सोडा.