आवाज तुमचा, लेबल दुसऱ्याचं

सोल गायिका व्हायचं ठरवलंत? मग वडील पाद्री असलेले बरे. चर्चमध्ये दर रविवारी गळा आपोआप तापतो, क्लासची फी वाचते. लॉस एंजेलिसची डार्लीन राइट अशीच तयार झाली. तुमचे वडील बँकेत असतील, तर थोडा उशीर होईल इतकंच.

स्टुडिओत बोलावलं की जायचं, रेकॉर्डवर कुणाचं नाव येणार हे विचारायचं नाही. 1962 साली निर्माता फिल स्पेक्टरला ‘हीज अ रेबेल’ घाईनं रेकॉर्ड करायचं होतं. त्याचा ‘क्रिस्टल्स’ हा मुलींचा ग्रुप तिकडे न्यूयॉर्कला. मग डार्लीन आणि तिच्या ‘ब्लॉसम्स’नी गाऊन टाकलं. गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, लेबलवर नाव क्रिस्टल्सचं! त्या बिचाऱ्यांना आपलं नवं गाणं रेडिओवरून कळलं आणि कार्यक्रमांसाठी पाठ करावं लागलं. पुढच्या गाण्यावर तुझंच नाव, असा शब्द डार्लीनला मिळाला. तेही क्रिस्टल्सच्या नावानं निघालं. स्पेक्टरनं तिला ‘लव्ह’ हे नवं आडनाव मात्र दिलं. फुकट.

केसांत रोलर्स असले तरी फोन उचला. मेरी क्लेटनला 1969 मध्ये मध्यरात्री बोलावणं आलं, तेव्हा ती गरोदर होती. रोलर्ससकट ती गेली आणि रोलिंग स्टोन्सच्या ‘गिमी शेल्टर’मध्ये अशी गायली, की वरच्या पट्टीत आवाज चिरकला. तो चिरका सूर तसाच ठेवलाय. गाण्याचा जीव माझ्या मते तिथंच आहे. ही ‘मेरी ख्रिसमस’मधली मेरी, जन्मही 25 डिसेंबरचा. अल्बमवर स्पेलिंग छापलं ते येशूच्या आईचं.

मानधन? लंडनच्या क्लेअर टोरीला 1973 मध्ये पिंक फ्लॉइडच्या एका गाण्यासाठी 30 पौंड मिळाले, तेही रविवारचा दुप्पट दर धरून. शब्द एकही नव्हता, सगळी आलापी तिची. संगीतकार म्हणून नाव लागायला 2005 उजाडलं, आणि आधी वकील करावा लागला. वकिलाचा नंबर आजच लिहून ठेवा.

मधली वर्षं रिकामी जातात. डार्लीन बेव्हर्ली हिल्समध्ये लोकांची घरं साफ करायची. एकदा परक्याचं बाथरूम घासताना रेडिओवर तिचंच 1963 चं ख्रिसमसचं गाणं लागलं. चक्क तिच्या नावावर निघालेलं. ती पुन्हा गायला लागली. 2011 मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’नं तिला आत घेतलं. ‘रेबेल’पासून मोजली तर 49 वर्षं. तेवढी हाताशी असू द्या, आणि एक चांगली घासणी.