धडधाकट संगणकाचं श्राद्ध

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला आणि पुढच्या विंडोजला लागणारी टीपीएम २.० चिप नाही म्हणून कित्येक धडधाकट संगणक म्हातारे ठरले. अशा संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली फुकट चालते म्हटलं, की ऐकू येतं, ‘ते इंजिनिअर लोकांचं काम!’ हे ज्या अँड्रॉइड फोनवरून ऐकवलं जातं, त्याच्या पोटात लिनक्सचाच कर्नल, म्हणजे गाभा, असतो. केरळच्या सरकारी शाळांतली पोरंही लिनक्सवर शिकतात. फोटोशॉप त्यावर धड चालत नाही, हे खरं. फोटोशॉपवर पोट असणाऱ्याने लिनक्सच्या वाटेला जाऊ नये. पण वीजबिल आणि यूट्यूबपलीकडे न गेलेल्या घराला फोटोशॉपचा एवढा कळवळा का? चोरीच्या विंडोजवर वर्षानुवर्षं संसार केलेल्यांना तर फुकटाचं वावडं नसावं. बहुधा परवानगीने मिळालेल्या फुकटात मजा नसते.