कड्यावरचे कथेकरी

पावसाळी सहलीच्या गाडीत ड्रायव्हर, हिशेब ठेवणारा आणि घाटात उलटी करणारं पोर ठरलेलं असतं, तसे एक काकाही ठरलेले असतात. ड्रायव्हरशेजारची जागा त्यांची. धबधबा यायच्या दोन वळणं आधी ते घसा खाकरतात. तेवढ्यावर जाणकार मंडळी डोळे मिटून घेतात.

काकांचा भूगोल सोपा आहे. महाराष्ट्रातला प्रत्येक कडा कोणीतरी पडावं म्हणूनच निर्माण झाला. थंड हवेच्या ठिकाणी पॉइंट असेल तर गोरा साहेब घोड्यासकट पडतो, किल्ल्यावर टोक असेल तर फितूर पडतो आणि पाणी असेल तर बाई पडते. ज्या कड्यावरून कोणीच पडलेलं नाही, तिथे काका गाडीतून खालीसुद्धा उतरत नाहीत.

त्यांची खरी कर्मभूमी मात्र चिपळूणचा सवतसडा. मुंबई-गोवा महामार्गावर, परशुरामाच्या देवस्थानापासून हाकेच्या अंतरावर. या रस्त्याचा नंबर सतराचा सहासष्ट झाला, चौपदरीकरणात डोंगर कापले गेले, पण काकांच्या कथेला वळणरस्ता निघाला नाही. सुरुवात अर्थातच परशुरामापासून. छत्रीचा बाण करून ते समुद्र मागे हटवतात. छत्री मागच्या बाकावर कोणाच्या तरी चष्म्याला लागते आणि कोकण तयार होतं.

मग मूळ कथा. एका पुरुषाच्या दोन बायका. एकीनं ठरवलं, दुसरीला कड्यावरून ढकलायचं. "ये गं, तुझं डोकं बघते," म्हणून तिला अगदी टोकाला बसवलं. पण दुसरीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं गुपचूप हिच्या पदराला आपल्या पदराची गाठ मारून ठेवली. हिनं ढकललं आणि दोघी गेल्या.

हा झाला गाभा. तपशील ऋतुमानाप्रमाणे. जूनमध्ये धार बारीक असते तेव्हा बायका साध्या शेतकरणी असतात. जुलैच्या मुसळधारेत त्या सरदाराच्या होतात. सोबत नवं लग्न झालेलं जोडपं असेल तर धाकटी जास्त सोशिक निघते, आणि काकू शेजारी असतील तर थोरली. दिवाळीनंतर कडा कोरडाठाक पडतो. तेव्हाही काका गाडी थांबवायला लावतात आणि पाणी नसलेल्या जागेकडे बोट दाखवून गोष्ट पुरी करतात. ऐकणारे तेव्हा बिचारे पळून कुठे जाणार, बाहेर ऊन असतं.

एकदा भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या पुतण्यानं मध्येच तोंड घातलं. म्हणाला, सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. मऊ थर झिजतो, कठीण थर तगतो, म्हणून असे उभे कडे उरतात. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असेल. पण तेव्हा सवती कुठे होत्या?" शास्त्र गप्प बसलं.

काकांना बिनतोड प्रश्न विचारू शकतात त्या फक्त काकू. बाकीचे चिंब भिजून सेल्फी काढत असतात तेव्हा त्या छत्रीखाली भजी खात उभ्या असतात. गोष्ट त्यांनी इतक्यांदा ऐकलेली की दोघी नेमक्या कुठल्या शब्दाला पडतात तेही त्यांना पाठ. यंदा त्यांनी तोंडातलं भजं संपवलं आणि विचारलं, "अहो, दोघी गेल्या ते कळलं. नवऱ्याचं काय झालं?"

काका गडबडले. साडीच्या काठापासून गाठीच्या प्रकारापर्यंत सगळं सांगणाऱ्या माणसाला नवरा कधी लागलाच नव्हता. ते म्हणाले, "त्याचा कथेत काही संबंध नाही."

"दोन लग्नं केली त्यानं, आणि संबंध नाही?"

शेजारी निखाऱ्यावर कणसं भाजणारी मावशी सगळं ऐकत होती. पंखा हलवत, कणीस फिरवत ती म्हणाली, "तो व्हय? तो गेला असंल तिसरी बघायला. लिंबू जास्त लावू का, वयनी?"