अवघड गाव, सोपा ठराव

ग्रामसभेत सगळ्यात झटपट मंजूर होणारा ठराव कुठला, सांगा. रस्त्याचा नाही, त्यावर बांधावरची भांडणं निघतात. घरकुलाच्या यादीचा तर नाहीच नाही. झटपट होतो तो गुरुजींचा ठराव. ‘सदर शिक्षक मुख्यालयी वास्तव्यास आहेत.’ सूचक एक, अनुमोदक एक, सर्वानुमते मंजूर, पुढचा विषय घ्या.

15 ऑगस्टची ग्रामसभा डोळ्यांसमोर आणा. झेंडावंदन उरकलंय, पोरांच्या हातातल्या लिमलेटच्या गोळ्या संपल्यात, बाहेर पाऊस पत्र्यावर ताशा वाजवतोय. सदर शिक्षक खोलीच्या दाराशी उभे राहून खिशातली मोटरसायकलची किल्ली चाचपतायत. लवकर निघालं नाही तर त्र्यंबकच्या रस्त्याला श्रावणातली गर्दी लागते आणि सातपूरच्या फ्लॅटवर पोचायला अंधार पडतो. ते मुख्यालयी वास्तव्यास असल्याचं इतिवृत्तात लिहिलं जातंय. लिहिणारे ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) त्याच नियमात बसतात. तेही घड्याळाकडे बघतायत.

हा नियम 2019 च्या सप्टेंबरातल्या ग्रामविकास विभागाच्या शासन निर्णयाचा. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी यांनी नेमणुकीच्या गावीच राहायचं आणि राहत असल्याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव द्यायचा. ठराव असेल तर घरभाडे भत्ता. सातव्या वेतन आयोगात खेड्यांसाठी हा भत्ता मूळ पगाराच्या 8 टक्क्यांपासून सुरू झाला आणि महागाई भत्ता चढला तसा थोडा वर सरकला. मूळ पगार 40,000 धरला तर तीन-चार हजारांचा मामला. तेवढ्यासाठी अख्ख्या गावाने एकमताने खोटं बोलायचं. महाराष्ट्रात एकमत होत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी या ग्रामसभांना एकदा हजेरी लावावी.

जिल्हा परिषदेच्या नोकरांसाठी 1967 चे वर्तणूक नियम आहेत. सचोटी आणि कर्तव्यनिष्ठा यांची अपेक्षा त्यात स्पष्ट आहे. नोकरीला लागल्यावर त्या सचोटीची पहिली परीक्षा म्हणजे हा दाखला. तो आणून दिला की माणूस सचोटीचा.

आता गंमत ऐका. याच ग्रामविकास विभागाचं शिक्षकांच्या बदल्यांचं धोरण आहे. त्यात काही गावं ‘अवघड क्षेत्र’ म्हणून बाजूला काढली आहेत. गाव अवघड ठरायला सात निकष आणि त्यांतले किमान तीन जुळले पाहिजेत. पाऊस 2,000 मिलिमीटरच्या वर, वाहतुकीची सोय नाही, डोंगराळ भाग, जंगलातल्या हिंस्र जनावरांचा उपद्रव, महामार्गापासून लांब, मोबाइलला रेंज नाही असं बरंच काही. रेंज नसण्याला धोरणात ‘संवाद छायेचा प्रदेश’ असं गोड नाव आहे. मंत्रालयात एखादा कवी बसलेला असावा. इथे काम करणं कठीण आहे हे सरकारने स्वतः मान्य केलं, आणि तीन वर्षं काढली की बदलीचा हक्क दिला. म्हणजे बदलीच्या फायलीत हे गाव इतकं अवघड, की माणसाची तिथून सुटका केली पाहिजे. आणि घरभाड्याच्या फायलीत तेच गाव बायकापोरांसह संसार थाटण्याजोगं. दोन्ही फायली एकाच विभागाच्या. त्यांची एकमेकींशी ओळख नसावी. मधे संवाद छायेचा प्रदेश असणार.

त्र्यंबकेश्वर तालुक्यात या निकषांची कमतरता नाही. आषाढात ब्रह्मगिरी चार-चार दिवस ढगातून डोकं काढत नाही. बिबट्याची बातमी महिन्याआड असते. शेंद्रीपाड्याची गोष्ट तर सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. बायका डोक्यावर हंडे घेऊन तास नदीवरच्या लाकडी बल्ल्यांवरून जात. फोटो छापून आले, 2022 च्या जानेवारीत लोखंडी पूल बसला, मंत्री येऊन गेले आणि जुलैच्या पुरात पूलही गेला. पुलाला सहा महिने मुक्कामी राहणं जमलं नाही, गुरुजींनी मात्र राहायचं.

राहायचं म्हटलं तरी कुठे? पाड्यावरचं घर कारवीच्या कुडाचं, एका खोलीत पाच माणसं, कोपऱ्यात कोंबड्या. भाड्याने देण्याजोगी जादा खोली म्हणजे काय, हेच तिथे कुणाला समजावून सांगावं लागेल. एप्रिलनंतर विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरणारं गाव नव्या बाईंसाठी दोन हंडे जादा कुठून आणणार? पोरगी नुकतीच डीएड करून, टीईटी ही पात्रता परीक्षा देऊन, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नाव लागून आलेली असते. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं 16,000 रुपये मानधन. एकटी. तिने तिथे राहावं असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी तिथलं संडास बघून यावं. असलं तर.

बरं, मग त्र्यंबक गावातच खोली घ्यावी, निदान तालुका तरी तोच. तिथे वेगळाच पेच. त्र्यंबकात रिकाम्या खोलीला यजमान मिळतो. नारायण-नागबळी तीन दिवसांची, कालसर्पवाले रोजचे, श्रावणात आणि पौषातल्या निवृत्तिनाथांच्या यात्रेत तर ओटीवरची जागाही मोकळी राहत नाही. तीन दिवसांत जी खोली महिन्याचं भाडं मिळवून देते ती मास्तरला महिन्याच्या बोलीवर देऊन कुठला घरमालक आपल्या पायावर धोंडा पाडून घेईल? यजमान दक्षिणा देतो, मास्तर पगार लांबल्याचं कारण देतो.

यावर उपाय इतका साधा आहे की कुणाला सुचू नये. शाळेशेजारी दोन खोल्या बांधायच्या, पाण्याची टाकी, दाराला कडी. म्हणजे निवासस्थान. मग तिथे न राहणाऱ्याचा भत्ता कापा, त्याची नोटीस काढा, हवी ती शिस्त लावा. पण खोल्या बांधायला पैसे लागतात आणि ठरावाला कागद पुरतो.

गुरुजींची कड घेतोय असं वाटायला लागलं असेल तर थांबा. अपडाऊन करणाऱ्या मंडळींचीही एक कर्मकथा आहे. चार जण मिळून एक गाडी करतात. गाडीतला शेवटचा माणूस तयार झाला की गाडी सुटते, आणि शाळेची घंटा गाडीच्या वेळेवर होते. साडेदहाची शाळा अकराला भरते, पाचची सव्वाचारला सुटते आणि मधल्या काळात खिचडी. स्वतःची पोरं नाशिकला इंग्रजी माध्यमात, तिथल्या बाई पाच मिनिटं उशिरा आल्या तर पालकांच्या ग्रुपवर यांचाच निषेध पहिला. आणि भत्ता मात्र एक महिना सोडलेला नाही. आपण राहत नाही, सबब भत्ता नको, असं लिहून देणारा गुरुजी शोधायला गेलात तर हरसूलच्याही पुढे जावं लागेल.

जुना मास्तर गावात राहायचा, अशी आठवण म्हातारी माणसं काढतात. खरंच राहायचा. पण त्यात त्यागाचा वाटा किती आणि एसटीचा किती? गाडी रात्री मुक्कामाला यायची आणि पहाटे निघून जायची, मग मास्तर जाईल कुठे? हप्त्याने मोटरसायकल मिळायला लागली आणि मास्तर गावातून उठला. त्याला थांबवण्याजोगं गावात काही उभं केलं असतं तर गोष्ट निराळी.

2022 मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हाच विषय काढला. मुख्यालयी राहत नाहीत, भत्ता मात्र घेतात. मुद्दा खोटा नव्हता. गुरुजी खवळले, मोर्चा निघाला, आठ-पंधरा दिवस दोन्ही बाजूंनी चिखलफेक झाली आणि ठराव पुन्हा सर्वानुमते मंजूर व्हायला लागले. तालुक्याच्या कचेऱ्यांतली साहेबमंडळी किती मुक्कामी असतात, हे मात्र कोण विचारणार? संध्याकाळी सहाला त्र्यंबक-नाशिक रस्त्याला उभं राहून गाड्या मोजल्या तरी अंदाज येईल.

मुक्कामाचं सोडलं तर बाकी अपेक्षा किरकोळ आहेत. 2022 मध्ये गुरुजींचा फोटो वर्गात लावा म्हणून फर्मान आलं, दुसऱ्यालाच पोटभाडेकरू ठेवून पगार खाणारे सापडावेत म्हणून. 2024 च्या मार्चमध्ये पोशाखाचा निर्णय आला. गुरुजींना फिकट शर्ट आणि गडद पॅन्ट, शर्ट आत खोचलेला, जीन्स-टीशर्ट नको. शर्टाचा रंग मंत्रालय ठरवतं, शाळेत पोचेपर्यंत त्याचं काय होतं ते हरसूलकडचा लाल चिखल ठरवतो.

मग टपाल. माहिती तत्काळ सादर करा, निरंक असल्यास निरंक कळवा. यू-डायस भरा, अपार आयडी काढा, मतदार यादी घेऊन दारोदार फिरा, पोषण आहाराच्या तांदळाची रिकामी पोती विकून पैशाचा हिशेब द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमात शिक्षकाला शिकवण्याबाहेरची तीनच कामं सांगितली आहेत: जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक. पोती त्यात कुठे बसतात? 23 ऑगस्ट 2024 ला सरकारने शैक्षणिक काम कुठलं आणि अशैक्षणिक कुठलं याची यादीच जाहीर केली. ती यादी वाचल्याचा अहवाल कधी मागवतात, एवढंच बघायचं.

आणि याच तालुक्यात हिवाळी आहे. जिल्हा परिषदेचीच शाळा, केशव गावित गुरुजींची. पोरं दोन्ही हातांनी लिहितात, शेकड्यांच्या पुढचे पाढे घडाघडा म्हणतात, आणि शाळा वर्षाचे 365 दिवस, दिवसाचे बारा-बारा तास चालते. कायदा पहिली ते पाचवीला 200 दिवस आणि 800 तास मागतो. हिवाळीच्या गुरुजींना कुठल्या ठरावाने गावात बांधून ठेवलं नव्हतं, भत्त्याची भीती घालून पाढे पाठ करून घेता येत नाहीत. बघायला लांबलांबून लोक जातात, जावंच. मला धास्ती वेगळीच वाटते. बघून आलेला एखादा साहेब परतीच्या गाडीतच परिपत्रक लिहायला घेतो: सर्व शाळांनी दोन्ही हातांनी लिहिण्याबाबतचा अहवाल तत्काळ सादर करावा. निरंक असल्यास निरंक कळवावे.

2027 चं पंचांग मात्र एकदा भिंतीवर लावून ठेवा. फेब्रुवारीत जनगणना. ती कायद्यातच आहे, करावीच लागेल. 2 ऑगस्टला सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान. त्र्यंबकात कुशावर्तावर माणसाला पाय ठेवायला जागा राहणार नाही. कुंभमेळा 27 व्या कलमात नाही, पण गर्दीला आपत्ती म्हणायला कितीसा वेळ लागतो? दुसरं अमृतस्नान 31 ऑगस्टला. आणि 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांना टीईटी पास व्हायला दिलेली दोन वर्षंही नेमकी तिथेच संपतात. साधू कुशावर्तात बुडी मारतील तेव्हा पंधरा-वीस वर्षं शिकवलेला एखादा गुरुजी टीईटीच्या काठावर उभा असेल. सगळी पापं एकाच दिवशी धुऊन निघणार.

तोवर एक काम तुमच्याकडे. येत्या 2 ऑक्टोबरला गावात ग्रामसभा असेल. गुरुजींचा ठराव वाचायला घेतील, सूचकाचं नाव पुकारतील. तेव्हा हात वर करा आणि गुरुजींना नव्हे, सरपंचांना विचारा: कुठल्या घरात? घर दाखवता आलं तर ठराव मंजूर करा. नाही आलं तर त्याच कागदावर दोन खोल्यांची मागणी लिहा आणि ती जिल्हा परिषदेला पाठवा.