आधी खिडकी लावून घ्यावी

लहान मुलाला चित्रांच्या पुस्तकातून निसर्ग शिकवायचा असेल तर सर्वांत आधी खिडकी लावून घ्यावी. हिंगोली जिल्ह्यात ही खबरदारी जरा जास्तच लागते. वसमतकडच्या गावांत हळद शिजू लागली की वास गल्लीभर पसरतो आणि ‘अ अननसाचा’ गिरवणारं मूल नाक वर करून भलतीकडे बघू लागतं. अननस इथे पिकत नाही, हीच त्याची शैक्षणिक पात्रता. न पाहिलेल्या फळाबद्दल मूल शंका काढत नाही. ‘ह’ला हत्तीच ठेवावा. हळद घेतली तर जेठा गड्डा कोणता, बगल गड्डा कोणता, हळकुंड कोणतं हे आजीच सांगू लागेल. वसमत हळदीला भौगोलिक मानांकन २०२४ साली मिळालं. आजीचं ज्ञान त्यासाठी थांबलं नव्हतं. नदीचंही तेच. पुस्तकातली नदी बारा महिने निळी असते, कयाधू पावसाळ्यात गढूळ आणि उन्हाळ्यात कोरडी. अशा बेभरवशाच्या वस्तूवर धडा कसा बेतणार?

पुस्तकं चुकतात, असा आक्षेप येईल. चुकेनात का! एरिक कार्लच्या १९६९च्या जगप्रसिद्ध पुस्तकातली अळी सलामी खाते, कोशेटं विणते आणि फुलपाखरू होते. खरं फुलपाखरू सहसा कोशेटं विणत नाही. ते काम पतंगांचं. पण कापसातल्या बोंडअळीचं चित्र काढायला जाल तर शेतकऱ्याचं पोर पान उलटण्याआधीच म्हणेल, पुढे फवारणी.

मग पुस्तक हवंच कशाला, असं विचारणाऱ्यांनी देवमासा इसापूर धरणात दाखवून द्यावा. जे दूर आहे त्याला चित्रच लागतं. गोची जवळच्या वस्तूंची आहे, आणि तिथे आमचे थोर पूर्वजच आडवे येतात. मुलांसाठी सचित्र पुस्तक काढणाऱ्या कोमेनियसने १६५८ सालीच सुचवून ठेवलं, की रंग, चव असलं जे चित्रात दाखवता येत नाही, तिथे ती वस्तूच पुढे ठेवावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी तर बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपल्यांवर बालवाडी चालवली. छपाईचा खर्च शून्य. असल्या उदाहरणांचा मुलांसमोर उच्चार करू नये.

एवढं करूनही खिडकी उघडली गेलीच, तर मुलाच्या हाती शिसपेन्सिल द्यावी आणि चित्रात काय चुकलंय तिथे खूण करायला सांगावं. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर खोडरबरही जवळ असू द्यावा.