सुधारणेस वाव आहे

एक मे रोजी सकाळी झेंडावंदन होतं, मुलांना खाऊ मिळतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत निकाल लागतो. पोटात गोळा येण्याचे दिवस गेले. आईबाप येतात ते पत्रकावर सही करायला आणि गुरुजींना राम राम घालायला. यंदा मात्र एका बापाने घोळ घातला. तिसरीतल्या पोराचं पत्रक त्याने दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला,

‘गुरुजी, बाकी सगळं झकास आहे. पण पोराला वाचता येत नाही.’

गुरुजी दचकले. ‘असं म्हणू नये. वाचनात सुधारणेस वाव आहे असं म्हणावं.’

‘वावच वाव आहे हो. अक्षर एक ओळखत नाही.’

‘अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न करतो.’

‘प्रयत्न कुठला करतोय?’

‘मग, प्रयत्न करण्यास प्रोत्साहन देणे आवश्यक. हे बघा, तसंच लिहिलंय.’

बाप गप्प झाला. शासकीय मराठीपुढे भलेभले गप्प होतात.

आता यात गुरुजींना झोडपून उपयोग नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय काढला. कल्पना खरोखर चांगली होती. तीन तासांच्या पेपराने मुलाला घाबरवू नका. वर्षभर त्याच्याकडे नीट बघा, कुठे अडतंय ते लिहून ठेवा, तिथे हात द्या. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाला 70 टक्के वजन; संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या, मूल्यमापनाला 30. सातवी-आठवीला 40 आणि 60. आकारिकसाठी साधनतंत्रं आठ. त्यातलं पहिलंच दैनंदिन निरीक्षण, मग तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि ‘इतर’. शेवटी शब्दांत नोंद: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कागदावर नाव ठेवायला जागा नाही.

कागद शाळेत पोचला तेव्हा गणित सुरू झालं. दोनशिक्षकी शाळा, वर्ग चार. एका गुरुजींच्या वाट्याला तीस मुलं धरा. विषय सहा आणि वरचे तीन रकाने, म्हणजे मुलामागे नऊ नोंदी. सत्रं दोन. एकूण वाक्यं झाली 540. एवढी वाक्यं मनाने सुचली असती, तर गुरुजी दिवाळी अंकात कथा लिहीत बसले नसते का? शिवाय पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, ऑनलाइन माहिती भरायची, बीएलओ म्हणून मतदार याद्या घेऊन दारोदार हिंडायचं. कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बाहेरचं काम देऊ नये. आपल्या देशात निवडणूक सोडायला तिने आधी आपल्याला सोडायला हवं.

मग बाजार मदतीला धावला. शालेय साहित्याच्या दुकानात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘विषयनिहाय वर्णनात्मक नोंदी’ची पीडीएफ फिरू लागली आणि पुढे एक्सेलची अशी फाइल निघाली, की हजेरी क्रमांक टाकला की स्वभाव बाहेर पडतो. क्रमांक 7 चित्रकलेत रमतो. क्रमांक 8 परिसर स्वच्छ ठेवतो. क्रमांक 9 वडीलधाऱ्यांचा आदर करतो. पुढच्या वर्षी एखादं मूल दाखला काढून गेलं आणि क्रमांक सरकले, की आदर करणारा रमायला लागतो आणि रमणारा आदर करू लागतो. यालाच व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास म्हणतात. हजेरीपटावर मुलींची नावं मुलांच्या खाली, त्यामुळे वरची वाक्यं खाली उतरवताना क्रियापद बदलायचं राहून जातं. अशाच एका पत्रकावर एका गुणी मुलीच्या नावापुढे छापलं होतं: ‘मित्रांना मदत करतो’. लिंगभावनिरपेक्ष शिक्षणाची याहून चांगली सुरुवात कोणती?

खरी कमाल दुसऱ्याच एका पोराची. आईबाप ऊसतोडीला. दिवाळीनंतर बैलगाडीत संसार भरून कारखान्यावर गेले ते हंगाम संपल्यावर परतले. पोरगं तिकडे कोपीत धाकट्या भावाला सांभाळत होतं. त्याच्या दुसऱ्या सत्राच्या नोंदीत मात्र लिहिलं होतं, ‘परिपाठात उत्स्फूर्त सहभाग घेतो.’ दीडशे कोसांवरून परिपाठात भाग घेणाऱ्या या बालकाची दखल अजून कोणी घेतलेली नाही.

तपासणीला साहेब येतात. नोंदवही उघडतात, रिकामा रकाना शोधतात, सापडला नाही की समाधानाने सही करतात. समोर बसलेल्या मुलाच्या हाती पुस्तक देऊन ‘बाळ, वाच’ म्हणायचं त्यांना सुचत नाही, कारण त्यांच्या तपासणीच्या नमुन्यात तो रकाना नसतो. श्रेण्यांचंही तेच. अ-1 पासून इ-2 पर्यंत नऊ श्रेण्या आहेत. ड च्या खाली घसरलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन करून वर आणायचं, असा नियम. त्याची सोपी वाट अशी की मूल तिथेच राहू द्यायचं आणि श्रेणी वर आणायची. त्यामुळे इ ही श्रेणी अनेक शाळांत शासन निर्णयातच पाहायला मिळते.

मधल्या काळात शासनही स्वस्थ नव्हतं. 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला, पायाभूत चाचण्या झाल्या आणि शाळांवर ‘प्रगत शाळा’ असे फलक लागले. 2021 मध्ये ‘निपुण भारत’ आलं. 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि आकडेमोड यावी, हे त्याचं ध्येय. प्रगत झालेल्यांना वाचायला शिकवायचं, असा हा क्रम. आता समग्र प्रगती पत्रक आलं आहे. त्यात मुलाने स्वतःचं, मित्राने मित्राचं आणि पालकांनी आपल्या पाल्याचं मूल्यमापन करायचं आहे. तिघांच्या वतीने कोण भरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

या सगळ्या वर्षांत कोणाबद्दल वाकडा शब्द लिहिला गेला नाही. शाळा प्रगत, शिक्षक उपक्रमशील, अधिकारी मार्गदर्शक, योजना यशस्वी. तरीही मुलांना वाचता येत नाही, ही कुणकुण दिल्लीपर्यंत गेली. 2019 मध्ये केंद्राने कायदा बदलून पाचवी आणि आठवीच्या परीक्षेत नापास करायची मुभा राज्यांना दिली. 2023 मध्ये महाराष्ट्राने ती मुभा वापरली. वार्षिक परीक्षा, न जमल्यास फेरपरीक्षा, तीही न जमल्यास त्याच वर्गात. तर अशा रीतीने वर्षानुवर्षांच्या सर्वंकष मूल्यमापनाचा निष्कर्ष हाती आला: या अख्ख्या व्यवस्थेत नापास करण्याजोगा एकच घटक आहे, आणि त्याचं वय साधारण दहा वर्षं आहे. त्याच्या पत्रकावर पहिली ते चौथी आपणच ‘प्रगती समाधानकारक’ लिहिलं होतं, मग आता नापास कसा, हे विचारायला तो साहेबांकडे येणार नाही. विचारायला आला असता, तर ‘निर्भीडपणे प्रश्न विचारतो’ अशी नोंद त्याच्या नावावर कधीच पडली असती.

तेव्हा पालकहो, परीक्षा असावी की नसावी हा वाद तज्ज्ञांवर सोडा. निकालाच्या दिवशी एवढंच करा: आपल्या पोराचं पत्रक हातात आलं की शेजारच्या पोराचंही मागून घ्या. दोन्हींवर तेच वाक्य असलं, तर सही करू नका. गुरुजींना चहा पाजा, शेजारी बसा आणि म्हणा, ‘हे राहू द्या. आमच्या पोराबद्दल एक खरं वाक्य लिहा, वाईट असलं तरी चालेल.’