ऑफिसचा फोन इंटरनेटवर न्या : नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

अभिनंदन! तारेचा जुना फोन काढून ऑफिसचा फोन इंटरनेटवर न्यायचं तुम्ही ठरवलंत. पुढच्या पायऱ्या क्रमाने पाळल्यात, तर तुमचं चार माणसांचं ऑफिस फोन करणाऱ्याला चारशे माणसांचं वाटेल. त्यातलं एकही जागेवर नाही, असंही वाटेल.

पायरी १ : भाच्याला बोलवा. 'कॉम्प्युटरमधला' भाचा प्रत्येक घरात असतो. तो म्हणेल, "मामा, आता सगळं क्लाउडवर." मान डोलवा. अर्थ एवढाच, की तुमच्या भिंतीवरचं छोटं एक्स्चेंज आता सेवा देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहायला गेलं आणि बहुधा माणशी दरमहा भाडं सुरू झालं.

पायरी २ : आवाज कसा जातो ते समजून घ्या. तुमचा आवाज सेकंदाला निदान ८००० वेळा मोजतात आणि साधारण २० मिलिसेकंदांची एक, अशा सेकंदाला ५० पुड्या बांधून धाडतात. वाटेत हरवलेली पुडी सहसा परत मागवत नाहीत, कारण उशिरा आलेलं अक्षर म्हणजे वरातीमागून घोडं. एखाददुसरी पुडी गेली तर कळतही नाही. पण सलग वीसेक गेल्या, तर "पैसे मिळाले नाहीत" यातलं "नाहीत" गळतं आणि समोरचा आनंदाने फोन ठेवतो.

पायरी ३ : भलीमोठी लाइन घ्या. एका कॉलला जेमतेम १०० किलोबिट लागतात. चौघं एकदम बोलले तरी अर्धा एमबीपीएस पुरतो. तरीही १०० घ्या. मग त्याच वायफायवर सीसीटीव्ही, हिशेबनीसांची क्रिकेट मॅच आणि शेजारच्या दुकानदाराला प्रेमाने दिलेला पासवर्ड बसवा. पुड्या सारख्या अंतराने आणि वेळेत पोचणं महत्त्वाचं असतं, हे कुणालाही सांगू नका. आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांत पोचावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ सुचवतो. त्याहून बराच उशीर झाला, की "बोला, बोला", "नाही, तुम्ही बोला" असं सुरू होऊन दोन्हीकडची माणसं लखनौचे नबाब होतात.

पायरी ४ : यंत्राला बोलतं करा. "विक्रीसाठी १ दाबा, हिशेबासाठी २, तक्रारीसाठी ३, मालकांसाठी ४." चारही आकड्यांवर एकाच टेबलावरचा फोन वाजेल, अशी व्यवस्था ठेवा. त्या टेबलावरचा माणूस चहाला गेला असेल, तर बासरी वाजू द्या.

पायरी ५ : जुना फोन भंगारात घाला. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची ४८ व्होल्टची वीज यायची, म्हणून दिवे गेले तरी तो बिचारा वाजायचा. नव्या व्यवस्थेत वीज गेली की राऊटर जातो आणि राऊटर गेला की फोन. ऑफिसात यूपीएस आहे? छान. त्यावर देव्हाऱ्यातला लाल दिवा चालू राहू द्या.

पायरी ६ : फोन बंद पडल्याची तक्रार करायला कंपनीला फोन करा. मोबाइलवरून करावा लागेल. "मराठीसाठी १ दाबा" ऐकू आलं, की पायरी ४ पुन्हा वाचा. आता बासरी ऐकण्याची पाळी तुमची.

एवढं सगळं झाल्यावर फोन खरोखर चालायला हवा असेल, तर देव्हाऱ्याच्या दिव्याशेजारी राऊटरही यूपीएसवर जोडा. टेबलावरचे फोन वायफायऐवजी केबलने लावा, राऊटरमध्ये आवाजाच्या पुड्यांना पहिला मान द्या आणि लाइन पडली की कॉल मोबाइलवर वळतील, अशी सोय कंपनीकडून पहिल्याच दिवशी करून घ्या. आणि ० दाबलं की माणूस बोलेल, एवढं बघा. तो "नमस्कार, बोला" म्हणून ऐकून घेणारा असेल, तर १ ते ४ काढून टाकलेत तरी कुणाचं काही अडणार नाही.